अमृता शेरगिलचा लाल काही केल्या स्क्रीनवर येईना

मागच्या आठवड्यात एक काम हातात होतं, मुलांच्या पुस्तकासाठी चित्रकार अमृता शेरगिलवर डबल स्प्रेड, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेलं चित्र. कॉलेजपासूनची माझी फेव्हरिट, त्यामुळे पैशांचं फार न ताणता हो म्हटलं. ब्रीफ काय तर साडी नेसलेली अमृता, मागे अजिंठा आणि सगळं मस्त कलरफुल. आता ही बाई जन्मली १९१३ मध्ये बुडापेस्टला, आई हंगेरियन ऑपेरा गायिका, वडील शीख सरदार आणि फोटोग्राफीचे वेडे, शिकली पॅरिसला. साडी ती नेसायचीच, पण नुसती साडी दाखवली तर अर्धी अमृता गायब ना! म्हणून डाव्या पानावर पॅरिसचा स्टुडिओ घेतला, उजवीकडे अजिंठा, आणि मधल्या घडीजवळ ईझलसमोर ती.

ड्रॉइंग पटकन झालं. रंगांनी दिवसभर पिदडलं. अजिंठा बघून आल्यावर १९३७ मध्ये तिने तीन मोठी चित्रं केली, त्यातली 'ब्राइड्स टॉयलेट' आणि 'ब्रह्मचारी' रेफरन्सला उघडून ठेवली होती. डोळ्याला जो खणखणीत लाल दिसतो त्यावर आयड्रॉपर (स्क्रीनवरचा रंग उचलायचं टूल) लावला की हातात येतो विटकरी तपकिरी, आणि तोच माझ्या पांढऱ्या कॅनव्हासवर टाकला की नुसता चिखल. सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वाढवलं तर साडी स्क्रीनमधून बाहेर येऊन चावते. 'ब्रह्मचारी'मधल्या धोतरांचा पांढरा तरी सरळ असेल म्हटलं, तर तोही कुठे करडा कुठे मळकट पिवळा, ह्या बाईने पांढऱ्यातच इतके रंग घातलेत की झूम करून बघतच बसलो.

मग सगळे लेयर बंद केले, पूर्ण कॅनव्हास गेरूने भरला आणि पॅलेटमध्ये अजिंठ्याच्या भिंतींवरचेच रंग ठेवले, म्हणजे गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुन्याचा पांढरा, काजळी आणि चिमूटभर लाजवर्दी निळा. आता तोच विटकरी, शेजारी मळका हिरवा आला तसा लाल दिसायला लागला! शेजारच्या रंगावर सगळं असतं हे शिकलेलो असतो, पण स्लायडर हातात असला की सुचत नाही.

चेहऱ्यासाठी वडिलांनी काढलेले तिचे फोटो वापरायचा मोह झाला होता. पण ते फोटो घेऊन तिचा भाचा विवान सुंदरम याने २००१ च्या सुमारास कॉम्प्युटरवर जी फोटोमोंटाज (फोटो एकमेकांत जोडून केलेली चित्रं) केलीत ती बघितल्यावर त्या वाटेला गेलोच नाही, चेहरा हाताने काढला, थोडा तिरका.

संध्याकाळी आर्ट डायरेक्टर मॅडमचा फोन, रंग डल वाटतायत. म्हटलं सीएमवायकेला, म्हणजे छपाईच्या चार शायांत, गेल्यावर स्क्रीनवरचा भडक लाल तसाही मरतो, प्रिंट काढून बघा. प्रिंट बघून पास केलं, फक्त टिकली मोठी करा म्हणाल्या. तेवढी केली.