तोच तो ई

मंगळवार, रात्र

कॉम्प्युटरवर ऑर्केस्ट्रा उभा करताना आजचे दोन तास एका सुरावर गेले: ई, म्हणजे पाश्चात्य संगीतातला E. बेथोव्हेनच्या सातव्या सिम्फनीचा दुसरा भाग. आधी फुंकवाद्यांचा एक कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) येतो, विरत जातो, मग व्हायोला, चेलो आणि डबल बास ही तंतुवाद्यं दबक्या पावलांनी निघतात: एक लांब, दोन आखूड, दोन लांब. चाल म्हणावी तर जवळजवळ नाहीच. ई, परत ई, परत ई. ८ डिसेंबर १८१३ला व्हिएन्नात ही सिम्फनी पहिल्यांदा वाजली तेव्हा लोकांनी हाच भाग पुन्हा वाजवायला लावला होता. माझ्या कॉम्प्युटरवर मात्र शिलाई मशीन चालू होतं.

सॅम्पल लायब्ररीत, म्हणजे खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांच्या संचात, एका सुराची मोजकीच रेकॉर्डिंग असतात. ती आळीपाळीने वाजतात, आणि एकच सूर इतका घोळवला की कान फेरा ओळखतो. त्यात मी शहाणपणा करून सगळं क्वांटाइझ केलेलं, म्हणजे प्रत्येक सूर तालाच्या रेषेवर नेमका बसवलेला. डबल बासचा आवाज फुलायला वेळ लागतो, त्यामुळे नोट अगदी रेषेवर ठेवली की ऐकताना तो मागे पडतो. काही मिलिसेकंद अलीकडे ओढल्यावर चेलोच्या बरोबर आला.

शेवटी सगळं पुसलं आणि प्रत्येक वाद्य कीबोर्डवर वेगळं वाजवलं. डावा हात मॉड व्हीलवर, म्हणजे आवाजाचा जोर कमीजास्त करणाऱ्या चाकावर. शून्य ते १२७ एवढी जागा, पण आजचं सगळं काम तिशीच्या आसपासच. आकडा जरा वर गेला की दबकेपणा संपला! माझा हात काही तयार नाही, पण इथे ते पथ्यावर पडलं. कुठलेच दोन ई सारखे आले नाहीत.

दुसरी व्हायोलिनं तीच चाल उचलतात तेव्हा खाली व्हायोला आणि चेलो एक लांब, दुखरी ओळ गायला लागतात. ती पहिल्याच टेकला बसली. लेगाटो (एका सुरातून दुसऱ्यात न तुटता जाणं) चांगला असला की अशा ओळी आपल्या आपण होतात.

शेवटही सुरुवातीच्याच कॉर्डवर आहे. आळस केला, पहिला उचलून शेवटी चिकटवला. ऐकला. सूर तेच, पण दारातून आत येणारा माणूस बाहेर पडताना दिसावा तसं वाटलं. ओबो थोडा मागे घेतला, हॉर्न पुन्हा वाजवले. रिव्हर्बची, म्हणजे सभागृहासारख्या घुमणाऱ्या आवाजाची, शेपटी अजून मध्येच तुटतेय. ते उद्या.