डॉक्सोरुबिसिन, डीएनए आणि एक छोटासा पीक

डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं औषध डीएनएला इजा करतं का, हे विजेच्या मोजमापातून बघायचंय. त्यासाठी आज दिवसभर ग्लासी कार्बन इलेक्ट्रोड घासणं. आधी ०.३, मग ०.०५ मायक्रॉनची अ‍ॅल्युमिना पावडर ओल्या कापडावर, आठाच्या आकड्यासारखं फिरवत. पावडरीचा कण राहिला की बेसलाइन (आलेखाची तळरेषा) बिघडलीच.

वासराच्या थायमसचा डीएनए पीएच ४.५ च्या अ‍ॅसिटेट बफरमध्ये ४ अंशांवर रात्रभर आपसूक विरघळू द्यायचा. घाई करून व्हॉर्टेक्सवर (नळी गरगर हलवणाऱ्या यंत्रावर) धरला की लांब साखळ्या तुटतात, आणि मग नुकसान औषधानं केलं की आपण, कोण सांगणार?

इलेक्ट्रोडवर डीएनएचा थर जाड हवा. पातळ थराला भोकं राहतात, त्यातून औषध थेट कार्बनवर जाऊन चिकटतं. डिफरेन्शियल पल्स व्होल्टामेट्रीत (व्होल्टेज बदलत प्रवाह मोजतात; आलेखातला उंचवटा म्हणजे पीक) डीएनएचे घटक दिसतात: ग्वानिन साधारण +०.८, अ‍ॅडेनिन +१.०५ व्होल्टला दिसतं (सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत).

डॉक्सोरुबिसिन डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांच्या मधे घुसून बसतं. -०.६ व्होल्ट मिनिटभर दिलं की ते तिथंच क्षपित होतं (इलेक्ट्रॉन घेतं), आणि पुढच्या स्कॅनमध्ये +०.४५ च्या आसपास बारीकसा उंचवटा येतो: ८-ऑक्सोग्वानिन, म्हणजे ऑक्सिडेशननं बिघडलेलं ग्वानिन. खरा पुरावा हाच. नुसता ग्वानिनचा पीक कमी झाला म्हणून ‘डीएनए तुटला’ म्हणू नये. औषध आत बसल्यानंही तो घटतो. उलट दुपदरी साखळी उसवली तर तो वाढतो.

औषधाचा स्वतःचा ऑक्सिडेशन पीकही ८-ऑक्सोग्वानिनच्या उंचवट्यापासून फार लांब नसतो. म्हणून दोन कंट्रोल (तुलनेसाठीच्या चाचण्या) हवेतच: औषधाविना डीएनए, डीएनएविना औषध. दोन्हींना तेच -०.६. आणि डॉक्सोरुबिसिनच्या ट्यूबला फॉइल गुंडाळा हो, उजेडात ते खराब होतं.