‘कल्चर बघा’ एवढ्या उत्तरावर कोड बसत नाही : इनपेशंट कोडिंगमधला माझा अनुभव

मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी केलेल्यांना मेडिकल कोडिंगमधला (पेशंटच्या नोंदींवरून आजारांना ठरलेले कोड देण्याच्या कामातला) जंतूंचा भाग सोपा जातो असं सगळे सांगतात, आणि ते खरंही आहे. एन्टरोकोकस कुठे सापडतो, स्युडोमोनास कुणाला गाठतो, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. मी अडकले ती डॉक्टरांनी लिहिलेल्या एका शब्दापाशी. तो चार्ट आठवला की अजूनही चिडचिड होते, म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही पुण्यात बसून अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचे इनपेशंट चार्ट, म्हणजे दाखल पेशंटच्या नोंदी, कोड करतो. तिकडे १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम ही आजारांच्या कोडची यादी लागू आहे. ट्रेनिंग, सर्टिफिकेशनची परीक्षा, सुरुवातीचे चार्ट यांबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही, सरावानं जमतं. जंतूंपुरतं एवढं पक्कं डोक्यात ठेवा की काही आजारांच्या कोडमध्ये जंतू आधीच धरलेला असतो. क्लेबसिएलामुळे झालेला न्यूमोनिया म्हणजे जे१५.०, तिथे जंतूसाठी दुसरा कोड लावायचा नाही. मूत्रमार्गाच्या संसर्गाचं तसं नाही. एन३९.० खाली टॅब्युलर लिस्टमध्ये (कोडच्या क्रमवार यादीत) स्पष्ट सूचना आहे की जंतू कळला असेल तर बी९५ ते बी९७ मधला कोड जोडा. ई. कोलाय असेल तर बी९६.२०, एन्टरोकोकस असेल तर बी९५.२. हे कोड नेहमी आजाराच्या कोडमागे येतात, पहिले कधीच नाहीत.

आता तो चार्ट. पेशंटला ताप, हुडहुडी, नाडी जलद, पांढऱ्या पेशी वाढलेल्या. लघवीच्या कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून बघायच्या लॅब तपासणीत) ई. कोलाय, कॉलनी काउंट एक लाखाच्या वर. ब्लड कल्चरच्या दोन्ही सेटमध्येही ई. कोलायच. शिरेतून अँटिबायोटिक सुरू. आणि डिस्चार्ज समरीत निदान काय? ‘युरोसेप्सिस’. बस, एवढंच.

हा शब्द डॉक्टर सर्रास वापरतात, पण आयसीडी-१०-सीएममध्ये त्याला कोडच नाही. गाइडलाइन्स सांगतात की हा शब्द संदिग्ध आहे, तो सेप्सिसला समानार्थी धरू नका, डॉक्टरांना विचारा. कारणही पटण्यासारखं आहे. कुणी तो नुसत्या मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी लिहितं, कुणी संसर्ग अंगभर पसरून झालेल्या सेप्सिससाठी. पहिला अर्थ घेतला तर केस डीआरजी (हॉस्पिटलला किती पैसे मिळणार ते ठरवणारा गट) ६८९ किंवा ६९० मध्ये जाते, दुसरा घेतला तर ८७१ किंवा ८७२ मध्ये, आणि हॉस्पिटलला मिळणाऱ्या पैशांत मोठा फरक पडतो.

मग क्वेरी, म्हणजे डॉक्टरांसाठी लेखी प्रश्न, पाठवली. आमची क्वेरी थेट डॉक्टरकडे जात नाही, तिथल्या डॉक्युमेंटेशन टीममार्फत जाते. आपली सकाळ म्हणजे त्यांची रात्र, त्यामुळे एका प्रश्नोत्तरातही वेळ जातो. चार्ट होल्डवर. रोज सकाळी पेंडिंग लिस्ट उघडली की तोच वर. लीड मॅडम रोज विचारणार, ‘त्याचं काय झालं?’ आणि माझ्याकडे उत्तर नाही. शेवटी डॉक्टरांचं उत्तर आलं: ‘कल्चर बघा.’

मला इतका राग आला! कल्चर मी बघितलेलं होतं. त्या स्क्रीनवर काय आहे हे मला पाठ झालं होतं. पण कोडर लॅब रिपोर्टवरून निदान ठरवू शकत नाही. ई. कोलाय सापडला आणि ई. कोलायमुळे आजार झाला, यांतला दुवा डॉक्टरांनी लिहावा लागतो. कॅथेटर असलेल्या पेशंटच्या लघवीत जंतू असून काहीच त्रास नसतो, तेव्हा तो आर८२.७१ म्हणजे नुसता बॅक्टेरियुरिया असू शकतो. ब्लड कल्चरच्या एकाच बाटलीत कोअ‍ॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ वाढला तर तो बऱ्याचदा कातडीवरून आलेला असतो. उलट, कल्चर निगेटिव्ह आलं तरी सेप्सिस नाही असं होत नाही. हा निर्णय पेशंटला तपासणाऱ्याचा आहे, माझा नाही. नियम मला मान्य आहे. राग या गोष्टीचा की ज्यांना निर्णयाचा अधिकार आहे, त्यांना एक ओळ लिहायचा कंटाळा.

दुसरी क्वेरी मी फार विचार करून लिहिली. तशीच तुम्हीही लिहा. आधी पेशंटची लक्षणं आणि आकडे तारखांसकट द्या. मग पर्याय: मूत्रमार्गाच्या संसर्गातून ई. कोलायमुळे झालेला सेप्सिस; सेप्सिसशिवाय मूत्रमार्गाचा संसर्ग; इतर; ठरवता येत नाही. शेवटचे दोन पर्याय गाळू नका, नाहीतर उत्तर डॉक्टरांच्या तोंडी घातल्यासारखं होतं. पैशांचा उल्लेख तर चुकूनही नको. अ‍ॅडमिशनच्या वेळी ही स्थिती होती का, हेही त्याच क्वेरीत विचारून टाका, पुन्हा होल्ड नको. लॅबनं ईएसबीएल (काही अँटिबायोटिकं निकामी करणारं जंतूचं एन्झाइम) म्हटलं असेल तर तेही विचारा, कारण त्याच्या झेड१६.१२ या कोडसाठीसुद्धा डॉक्टरांचे शब्द लागतात.

तिथल्या (कोडिंगच्या प्रश्नांवर डॉक्टरांशी बोलणाऱ्या) फिजिशियन अ‍ॅडव्हायझरपर्यंत विषय नेल्यावर अ‍ॅडेंडम (समरीची पुरवणी नोंद) आलं: ई. कोलायमुळे सेप्सिस, उगम मूत्रमार्गातून, दाखल होतानाच होता. किती हायसं वाटलं! ए४१.५१ पहिला, मागोमाग एन३९.०, दोन्हींना पीओए वाय (दाखल होतानाच होतं, अशी खूण). पुढे तो चार्ट ऑडिटला गेला आणि ऑडिटरनं एकही कोड बदलला नाही. याचा मला अभिमान आहे.

हो, एमआरएसएचं (मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफ ऑरियसचं) राहिलं. बी९५.६२ लावलात तर पेनिसिलिनला दाद न देण्याचा झेड१६.११ वर लावू नका, तो प्रतिकार त्या कोडमध्ये धरलेला आहे. पेशंट फक्त वाहक असेल तर झेड२२.३२२. आणि क्वेरीचं उत्तर रेकॉर्डचा भाग मानायचं की नाही हे प्रत्येक हॉस्पिटल आपापलं ठरवतं, म्हणून चार्ट फायनल करण्याआधी अ‍ॅडेंडम खरोखर समरीला जोडलंय का ते उघडून बघा.