सगळ्या गाठी एकदाच काढून का टाकत नाही?

माझ्या दोन्ही हातांवर, पोटावर, मांड्यांवर चरबीच्या गाठी आहेत. अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला की कुणीतरी विचारतंच, ‘एकदाच सगळ्या काढून का टाकत नाही?’

कारण काढलेली गाठ जाते, गाठी होण्याची प्रवृत्ती जात नाही. आमच्याकडे ती घराण्यातूनच आली आहे. आजोबांना होत्या, बाबांना आहेत. बहुतेक घरांत आई-वडिलांपैकी एकाकडून जनुकातला दोष आला तरी पुरतो, म्हणजे प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. वजन उतरवून त्या विरघळत नाहीत, उलट आजूबाजूची चरबी कमी झाली की जास्तच उठून दिसतात. त्या जिरवणारं खात्रीचं औषध नाही. लेप-काढ्यांवर पैसे घालवू नका, अगदी कळकळीने सांगतो.

जी त्रास देते ती काढायची, एवढंच मी ठरवलंय. कोपराजवळची एक गाठ टेबलावर हात टेकला की कळ आणायची. तेवढ्याच जागी भूल देऊन सर्जनने गाठीपेक्षा लहान छेद घेतला, दोन्ही बाजूंनी अंगठ्यांनी दाबलं आणि लोण्याच्या गोळ्यासारखी पिवळी गाठ बाहेर आली. टाके घातले, त्याच दिवशी घरी. आवरणासकट निघाली की सहसा त्या जागी परत होत नाही. पण व्रण राहतो, आणि अंगभर व्रण मला नकोत.

लायपोसक्शनचा, म्हणजे नळीने चरबी शोषून काढण्याचा, व्रण लहान असतो, मात्र आवरण मागे राहिलं तर गाठ पुन्हा भरते. चरबीच्या पेशी फोडणाऱ्या डिऑक्सिकोलिक ॲसिडच्या इंजेक्शनबद्दलही विचारतात. त्याला अमेरिकेत २०१५ साली मान्यता मिळाली ती हनुवटीखालच्या चरबीसाठी. काही डॉक्टर ते गाठीतही देतात. सूज येते, दुखतं, आणि तपासणीला पाठवायला गाठच हाती उरत नाही. मला ते पटत नाही.

या गाठी सहसा निरुपद्रवी असतात, पण प्रत्येक गाठ चरबीचीच असेल असं घरच्या घरी ठरवू नका. ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी, भराभर वाढणारी, टणक किंवा बोटाखाली न सरकणारी असेल तर लगेच दाखवा. सोनोग्राफी, गरज पडली तर एमआरआय आणि बायोप्सी करतात.

सध्या कमरेवरच्या एका गाठीला पट्टा घासतो. ती दिवाळीनंतर काढणार आहे. बाकीच्या राहू देत.