मक्याच्या स्टार्चची फिल्म, नाशिकच्या हवेत

कॉर्नफ्लोअर, पाणी, व्हिनेगर आणि ग्लिसरीन एकत्र शिजवा, पसरवा, वाळवा. स्टार्चपासून विघटनशील प्लास्टिक करण्याची कृती बहुतेक ठिकाणी एवढीच दिलेली असते, आणि एवढ्यावर फिल्म तयार होतेही. पण तीच फिल्म नाशिकमध्ये एप्रिलच्या उन्हात वाळवली की काठाने तडकते आणि जुलैत वाळवली की दोन दिवसांनीही बोटाला चिकटते. प्रमाण तेच असतं, फरक पडतो तो पाण्याचा. किती पाण्यात शिजवलं, ते किती वेगाने उडू दिलं आणि तयार फिल्ममध्ये किती उरलं, हे ज्याला सांभाळता आलं त्याची फिल्म बाराही महिने नीट येते. म्हणून इथे मोजमाप जरा बारकाईने दिलं आहे.

आधी स्टार्च कोणता घ्यायचा ते. स्टार्चमध्ये दोन घटक असतात: लांब सरळ साखळ्यांचा अमायलोज आणि फांद्याफांद्यांचा अमायलोपेक्टिन. फिल्मला ताकद देतो तो मुख्यतः अमायलोज. मक्याच्या स्टार्चमध्ये तो साधारण २५ ते २८ टक्के असतो, बटाट्याच्या स्टार्चमध्ये २० टक्क्यांच्या आसपास, टॅपिओकात, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या स्टार्चमध्ये, त्याहून थोडा कमी. त्यामुळे मक्याची फिल्म जरा दुधट पण मजबूत, बटाट्याची जास्त पारदर्शक, आणि टॅपिओकाची पारदर्शक खरी पण मऊ आणि लवकर चिकट होणारी. सुरुवात मक्यानेच करावी.

येवला, नांदगाव, मालेगाव या पट्ट्यात मका भरपूर पिकतो, म्हणून घरीच मक्यातून स्टार्च काढायचा मोह होतो. तो टाळा. कारखान्यात मका गंधकाचा वायू मिसळलेल्या कोमट पाण्यात ३० ते ४० तास भिजवतात, तेव्हा कुठे दाण्यातलं प्रथिन स्टार्चला सोडतं. घरच्या मिक्सरमध्ये ते सुटत नाही. गिरणीतलं पिवळं मक्याचं पीठही चालत नाही. त्यात कोंडा, तेल आणि प्रथिनं असतात, आणि त्याची फिल्म ठिसूळ व डागाळ होते. पाकिटावर ‘मेझ स्टार्च’ किंवा ‘कॉर्न स्टार्च’ लिहिलेलं पांढरं शुभ्र कॉर्नफ्लोअर घ्या. कस्टर्ड पावडर नको, त्यात रंग आणि वास असतो. साबुदाणा दळूनही वापरू नका. तो तयार करतानाच अर्धवट शिजलेला असतो, त्यामुळे गार पाण्यात नीट विरघळून पसरण्याऐवजी गुठळ्या धरतो.

घरीच काढायचा असेल तर बटाटा सर्वांत सोपा. किसून गार पाण्यात कालवा, फडक्यातून पिळा, पाणी अर्धा तास स्थिर ठेवा, वरचं ओता, आणि खालचा पांढरा साका दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवा. किलोभर बटाट्यांतून साधारण १०० ग्रॅमच्या आसपास स्टार्च निघतो. बटाट्याचे कण मोठे असल्याने ते भराभर तळाशी बसतात. कुरडईसाठी काढतो तो गव्हाचा चीकही स्टार्चच, पण गव्हात मोठ्या कणांबरोबर अगदी बारीक कणही असतात, म्हणून त्याला रात्रभर निवळू द्यावं लागतं. शिवाय त्यात ग्लुटेनचे धागे राहिले तर फिल्ममध्ये गाठी दिसतात. चीक वापरायचा असेल तर कुरडईला लागतो त्यापेक्षा दोन पाणी जास्त धुवा.

एका फिल्मचं प्रमाण असं: मक्याचा स्टार्च २० ग्रॅम, पाणी ३०० मिलिलिटर, ग्लिसरीन ५ मिलिलिटर, पांढरं व्हिनेगर १० मिलिलिटर. ग्लिसरीन फिल्मला लवचीक ठेवतं. ते पाण्यापेक्षा जड असतं, ५ मिलिलिटर म्हणजे ६.३ ग्रॅम, स्टार्चच्या वजनाच्या सुमारे ३१ टक्के. औषधाच्या दुकानातलं साधं ग्लिसरीन चालतं, गुलाबपाणी मिसळलेलं चालत नाही. पाणी फिल्टरचं घ्या. बोअरच्या जड पाण्यातल्या क्षारांनी विशेषतः बटाट्याच्या स्टार्चचा घट्टपणा बराच कमी होतो. वजनासाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवा. चमच्याने मोजलेला स्टार्च दाबून भरला की भुरभुरीत भरला यावर पार बदलतो.

बऱ्याच कृतींमध्ये स्टार्चच्या चार ते सात पट पाणी असतं. त्याने खळ इतकी घट्ट होते की आत अडकलेले बुडबुडे बाहेरच येत नाहीत. पंधरा पट पाणी घेतलं तर वाळायला वेळ लागतो, पण मिश्रण ओतता येतं, गाळता येतं आणि फिल्म एकसारखी बसते. हा वेळ देण्यासारखा आहे.

स्टार्च आधी गार पाण्यात पूर्ण कालवून घ्या, मग ग्लिसरीन आणि व्हिनेगर घाला. रिकाम्या पातेल्याचं वजन लिहून ठेवा. मंद आचेवर सतत ढवळत राहा, उलथनं तळाला घासत. मक्याचा स्टार्च ६२ ते ७२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान फुगतो. दुधासारखं पातळ मिश्रण एकदम घट्ट आणि अर्धपारदर्शक होतं. इथेच बहुतेक जण गॅस बंद करतात आणि इथेच फिल्म बिघडते. कण फुगले म्हणजे अमायलोज बाहेर आला असं होत नाही. मिश्रण ९० ते ९५ अंशांवर आणखी दहा मिनिटं ठेवावं लागतं. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच असल्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे बारीक उकळीच्या किंचित खाली राहिलात की तापमान बरोबर असतं. थेंब दोन बोटांत चोळून बघा. रवाळ लागला तर अजून शिजलेलं नाही, आणि वाळल्यावर तिथे पांढरे ठिपके दिसणार.

शिजल्यावर पातेलं काट्यावर ठेवा. आतलं मिश्रण ३०० ग्रॅम असायला हवं. कमी भरलं तर गरम पाणी घालून भरून काढा, जास्त असेल तर आणखी थोडं आटवा. मग झाकण ठेवून पातेलं गरम पाण्याच्या परातीत दहा मिनिटं स्थिर ठेवा, बुडबुडे वर येतात. मलमलच्या ओल्या फडक्यातून गाळा आणि ६० अंशांच्या खाली जाण्याआधी ओता. त्याखाली अमायलोज जेली धरायला लागतो आणि पसरवताना ओघळांच्या रेषा उमटतात.

ओतायला काच वापरू नका, फिल्म काचेला धरून बसते. अ‍ॅक्रिलिकचा पत्रा, सिलिकॉनची चटई किंवा ओव्हरहेड प्रोजेक्टरची पारदर्शक शीट उत्तम. स्टीलच्या ताटाला तेल लावण्याची युक्ती फसते, कारण तेलाच्या थेंबांभोवती मिश्रण मागे सरतं आणि भोकं पडतात. ३० बाय ३२ सेंटिमीटरच्या कडेच्या ट्रेमध्ये वरचं मिश्रण साधारण ३ मिलिमीटर जाडीचं बसतं आणि वाळून ०.२ मिलिमीटर होतं. ट्रे स्पिरिट लेव्हलने सपाट करून घ्या. एका बाजूला एक मिलिमीटर उतार असला तरी एक काठ कागदासारखा आणि दुसरा चामड्यासारखा होतो.

आता वाळवण, आणि नाशिकमध्ये सगळ्यात जास्त फिल्म इथेच वाया जातात. उन्हाळ्यात गच्चीवर थेट उन्हात ठेवली की वरचा थर आधी वाळून आकसतो, खालचा ओलाच असतो, मग काठ वर वळतात आणि मधोमध तडा जातो. बेदाण्याच्या शेडमध्ये द्राक्षं थेट उन्हात न ठेवता सावलीत वाऱ्यावर सुकवतात, तेच तत्त्व इथे लागू पडतं. एप्रिल-मेमध्ये ट्रे घरात ठेवा, पहिले बारा तास वर मलमल पसरा, पंखा थेट अंगावर सोडू नका. पावसाळ्यात उलटं करायचं. खोक्यात बल्ब लावून किंवा फळं सुकवायच्या यंत्रात ४० ते ४५ अंशांवर ठेवा आणि ओली हवा बाहेर जायला वर-खाली भोकं ठेवा. नुसती उष्णता देऊन खोका बंद ठेवला तर आत वाफ कोंडते आणि बुरशी धरते.

कधी काढायची हे डोळ्यांनी ठरवू नका, वजनाने ठरवा. बाजारातल्या कॉर्नफ्लोअरमध्ये आधीच १२ टक्क्यांच्या आसपास ओल असते. म्हणजे २० ग्रॅममध्ये कोरडा स्टार्च साधारण साडेसतरा ग्रॅम, त्यात ६.३ ग्रॅम ग्लिसरीन मिळवलं की २४ ग्रॅम. फिल्ममध्ये १२ टक्के पाणी राहायला हवं असेल तर ती सुमारे २७ ग्रॅमवर आली की काढायची. २४ ग्रॅमपर्यंत खाली गेली तर काढताना कडकडून तुटते. ३० ग्रॅमला काढली तर ताणली जाऊन आकार बिघडतो. पातेल्याला थोडं मिश्रण चिकटून राहतंच, तेवढा हिशेब कमी करा: ट्रेमध्ये ३०० ऐवजी २८० ग्रॅम पडलं असेल तर लक्ष्य साडेपंचवीस ग्रॅम. हातालाही खूण कळते, फिल्म स्पर्शाला गार लागेनाशी झाली की पाणी उडणं जवळपास थांबलेलं असतं. फार कोरडी झालीच तर ओढू नका. ट्रे रात्रभर स्वयंपाकघरात पाण्याच्या भांड्याजवळ झाकून ठेवा, सकाळी सुटते.

पावसाळ्यात ही फिल्म कशी वागेल ते मे महिन्यातही तपासता येतं. हवाबंद डब्यात वाटीभर मिठाचा ओला लगदा ठेवा. मीठ पूर्ण विरघळता कामा नये. त्या डब्यातली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहते. फिल्मचा तुकडा जाळीवर ठेवून दोन दिवसांनी काढा. घडी घातल्यावर तो स्वतःलाच चिकटत असेल तर ग्लिसरीन जास्त आहे. मग २५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ४ मिलिलिटरवर, उतरा. २० टक्क्यांखाली गेलात तर उन्हाळ्यात फिल्म मोडते, ४० टक्क्यांवर गेलात तर ग्लिसरीन पृष्ठभागावर पाझरतं. निम्मं ग्लिसरीन आणि निम्मं सॉर्बिटॉल (ग्लिसरीनसारखंच फिल्म लवचीक ठेवणारा, साखरेपासूनचा पदार्थ) घेतलं तर ओल कमी शोषली जाते, हा मला सगळ्यात चांगला मार्ग वाटतो. पूर्ण सॉर्बिटॉल घेऊ नका, कालांतराने त्याचे स्फटिक वर येतात.

व्हिनेगरबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे, की त्याने ‘प्लास्टिक तयार होतं’. स्टार्च मुळातच पॉलिमर, म्हणजे लांब साखळ्यांचा पदार्थ, आहे, तो व्हिनेगरने तयार होत नाही. आम्ल फांद्यांच्या साखळ्या थोड्या तोडतं, त्यामुळे खळ पातळ होते आणि फिल्म नितळ येते. म्हणूनच व्हिनेगर घालून अर्धा तास उकळत ठेवलं तर साखळ्या नको इतक्या तुटतात आणि फिल्म कमकुवत होते. व्हिनेगरचा वास मात्र काही दिवसांत उडून जातो, त्याची चिंता नको. लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, उडत नाही, फिल्ममध्येच राहतं. त्याने साखळ्या एकमेकींना बांधल्या जाव्यात असं वाटत असेल तर कोरडी फिल्म १०० अंशांच्या बरीच वर तापवावी लागते, नुसतं शिजवताना घालून तो परिणाम मिळत नाही.

काही आठवड्यांनी फिल्म आपोआप कडक आणि दुधट होते. साखळ्या पुन्हा एकमेकींशी जुळून बसतात आणि पाणी बाहेर ढकलतात, ही स्टार्चची मूळ प्रवृत्ती आहे. तयार फिल्म बंद पिशवीत ठेवल्याने वेग कमी होतो, थांबत नाही.

भर घालायची असेल तर नाशिकमध्ये द्राक्षाचा चोथा सहज मिळू शकतो. वायनरीतून निघालेल्या साली आणि बिया कडक वाळवा, दळा, बारीक चाळणीतून काढा आणि स्टार्चच्या ५ ते १० टक्केच घाला. जाडसर कण राहिला तर तडा तिथूनच सुरू होतो. फिल्मला तपकिरी-जांभळी छटा येते. खडूची भुकटी घालायची असेल तर व्हिनेगर वगळा, नाहीतर फेस येतो.

ही फिल्म वापरायची कुठे? बियाण्यांची पाकिटं, कोरड्या वस्तूंचं आतलं वेष्टन, शाळेतले प्रयोग. द्राक्षाच्या पेटीत किंवा भाजीच्या पिशवीसाठी ती निरुपयोगी आहे, ओल लागली की फुगते. ठिबकखाली मल्चिंग पेपर म्हणून अंथरली तर काही दिवसांत तिचे तुकडे होतात. बाजारातल्या विघटनशील मल्चिंगमध्ये आणि पिशव्यांमध्ये स्टार्चसोबत पीबॅटसारखे विघटनशील पॉलिस्टर मिसळलेले असतात, आणि हे मिसळणं वितळवून दाबणाऱ्या स्क्रूच्या यंत्रातच होतं. वितळलेलं मधमाश्यांचं मेण पातळ फासलं तर पाणी थोडा वेळ थोपतं, एवढंच. आणि सिंहस्थात प्रसादाचे द्रोण करायचा विचार असेल तर पळसाच्या पानाचा द्रोण या फिल्मपेक्षा सगळ्या बाजूंनी सरस आहे.

विकायचा विचार असेल तर नियम वेगळे आहेत. कंपोस्टेबल म्हणून पिशवी विकायला आयएस १७०८८ या मानकाची चाचणी आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. त्या चाचणीत ५८ अंशांच्या कंपोस्टमध्ये १८० दिवसांत ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हावा लागतो. घरी केलेल्या फिल्मवर ‘कंपोस्टेबल’ छापून ती दुकानात देऊ नका.

विघटनशील आहे म्हणून ती गोदावरीत सोडणंही चूक. एक किलो स्टार्च पूर्ण कुजायला सुमारे १.२ किलो प्राणवायू लागतो. नदीच्या चांगल्या पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळलेला असतो, म्हणजे एवढासा स्टार्च जवळपास दीड लाख लिटर पाण्यातला प्राणवायू संपवू शकतो. उरलेली फिल्म, पातेल्याची खरवड आणि फडकं धुतलेलं पाणी, सगळं कंपोस्टच्या खड्ड्यात टाका. फिल्मचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून वाळक्या पानांत मिसळा आणि वर पाणी शिंपडा. एका जागी गठ्ठा टाकला तर तो ओला होऊन लगदा बनतो, आत हवा जात नाही आणि आंबट वास सुटतो.