जागेवरच्या सायकलचं म्हातारपण

रस्त्यावरची सायकल झिजते, यात नवल नाही. खड्डे, पाऊस, पंक्चर, सगळं तिच्याच नशिबी. पण जिममधली स्पिन बाइक? डोक्यावर छप्पर, समोर आरसा, आणि जन्मात कधी इंचभरही पुढे जायचं नाही. तरी आमच्या ठाण्याच्या जिममधल्या बाइक बघा. रस्त्यावरची सायकल त्यांच्यापुढे तरणीताठी वाटेल.

तिला म्हातारी करतो तो घाम. रस्त्यावर वारा लागतो, घाम उडून जातो. इथे माणूस मान खाली घालून पेडल मारतो आणि कपाळावरचा थेंब रोज नेमका त्याच जागी पडतो: हँडलच्या दांड्यावर, तिथल्या खिट्टीवर, खाली फ्रेमवर. घामात मीठ, आणि आमच्याकडची हवा आधीच दमट. पंख्याखालच्या बाइकवर तर सगळ्यांचाच डोळा, त्यामुळे तिचे हाल सर्वांत जास्त. हँडलच्या बुडाशी रंगाला आधी बारीक फोड येतात. नखाने टोकरलं की खालून तपकिरी भुकटी निघते. मग एक दिवस हँडल वर-खाली करायची खिट्टी अडकते ती अडकतेच, आणि उंच-बुटके सगळे एकाच उंचीवर वाकून व्यायाम करू लागतात.

दुसरं दुखणं चाकाचं. पुढचं चाक चांगलं अठरा-वीस किलोचं, आणि बहुतेक बाइकना फ्रीव्हील नसतं. म्हणजे आपण थांबलो तरी पेडलं थांबत नाहीत, पायांना ओढत नेतात. थांबायचं तर मधली मूठ खाली दाबायची, तशी सूचना चिकटवलेलीही असते. पण लोक पायांनीच चाक अडवतात. तो सगळा हिसका पेडल ज्याला जोडलेलं असतं त्या क्रँकवर आणि चेनवर जातो, गुडघ्यांचं तर विचारूच नका. जुन्या बाइकमध्ये चाकावर नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, ब्रेक घासतो. तो कोरडा पडला की अशी किंचाळी फुटते की ट्रेनरला गाण्याचा आवाज वाढवावा लागतो. चुंबकावर चालणाऱ्या नव्या बाइकमध्ये ही कटकट नाही, चाकाला काही टेकतच नाही.

ही बाइक मुळात एका माणसाच्या सरावासाठी जन्मली. जॉनी गोल्डबर्ग हा दक्षिण आफ्रिकेतून कॅलिफोर्नियात गेलेला सायकलपटू. घरातल्या घरात सराव करता यावा म्हणून १९८०च्या दशकात त्याने ती बनवली. ती वापरणारा तो आणि पुसणाराही तोच. आमच्याकडे सकाळच्या एका बॅचलाच सीटवर चार बुडं बसून जातात आणि प्रत्येकाला वाटतं, पुसायचं काम पुढच्याचं.

मला खरी गंमत वाटते ती डाव्या पेडलची. त्याचे आटे उलटे असतात, कारण सरळ असते तर पेडल मारता मारता ते आपोआप सुटत गेलं असतं. हे ठाऊक नसलेले उत्साही लोक ढिलं पेडल दिसलं की पाना घेऊन बसतात. दुरुस्तीला येणारा मेकॅनिक वैतागून म्हणाला, “ताई, लोक आवळायला जातात आणि सैल करून येतात!” सैल पेडलावर कोणी उभं राहून जोर लावला, की पेडलाची पोलादी दांडी क्रँकच्या ॲल्युमिनियमचे आटे खाऊन टाकते. मग नुसतं पेडल बदलून भागत नाही, क्रँकच नवा घ्यावा लागतो.

मालकांनी मध्यंतरी उपाय म्हणून प्रत्येक बाइकपाशी फवाऱ्याची बाटली ठेवली. झालं, लोक तुळशीला पाणी घालावं तसे बाइकवर फवारे मारू लागले आणि पाणी थेट बेअरिंगमध्ये. मेकॅनिकने कपाळावर हात मारला: फवारा फडक्यावर मारायचा, बाइकवर नाही. आता बाटली काउंटरवर असते, मागितली की मिळते. अर्थात, कोणी मागत नाही.