‘लहरी’ मी जाऊ दिला

२१ एप्रिल २०१६, रात्रपाळी. बाहेरगावच्या डाक आवृत्त्या गेल्या होत्या, शहर आवृत्तीचं विदेशाचं पानही लागलं होतं. साडेदहा वाजून गेल्यावर एजन्सीची ओळ आली: अमेरिकी पॉपस्टार प्रिन्स गेला, वय ५७. मिनेसोटातल्या पेस्ली पार्क या त्याच्या घरवजा स्टुडिओत.

‘‘हा कोण रे?’’ मुख्य उपसंपादकांनी विचारलं. मायकल जॅक्सन गेला तेव्हा असं कुणी विचारलं नव्हतं. १९९६ साली तो अंधेरीत नाचून गेला होता. मी सांगायला लागलो तोच हुकूम सुटला, ‘‘डबल कॉलम, बारा सेंटिमीटर. वीस मिनिटांत दे.’’

लोकांना वाटतं, बातमी लिहिणं अवघड. अवघड असतं ते कापणं. लागलेल्या पानातली एक बातमी उचलायची, त्या जागी नवा मजकूर ओतायचा, आणि चौकटीच्या कोपऱ्यात मजकूर मावत नसल्याचं लाल अधिकचिन्ह दिसलं की ते जाईपर्यंत ओळी मारत राहायचं. माझ्या अकरा ओळी जास्त होत्या.

त्या अकरा ओळी मला अजून पाठ आहेत. १९७८च्या पहिल्याच अल्बमवर १९ वर्षांच्या या पोराच्या नावावर २७ वाद्यं. रेकॉर्ड कंपनीशी बिनसलं ते मास्टर टेप्स, म्हणजे गाण्यांची मूळ ध्वनिमुद्रणं, कुणाच्या आणि गाणी कधी बाजारात आणायची, यावरून. म्हणून १९९३मध्ये त्याने नावच टाकलं आणि एक चिन्ह घेतलं. ते कुठल्याच कीबोर्डवर नव्हतं. कंपनीला त्याचा फॉन्ट फ्लॉपीवर घालून वर्तमानपत्रांना पाठवावा लागला! गालावर ‘गुलाम’ लिहून तो मंचावर यायचा. २०००मध्ये करारातून सुटल्यावरच त्याने नाव परत घेतलं, आणि ऐंशीच्या दशकातल्या मास्टर्सची मालकी २०१४मध्ये मिळवली.

हे सगळं गेलं. राहिले जांभळे कपडे, उंच टाचा आणि ‘नावाऐवजी चिन्ह वापरत असे’. वागण्यामागचं कारणच कापलं की उरतं ते खूळच. आपल्याकडे तरी वेगळं काय? गायक हक्काचं बोलला की लगेच त्याला शिंगं फुटली म्हणतात.

मथळा साहेबांनीच दिला: ‘लहरी पॉपस्टार प्रिन्सचे निधन’. उरलेल्या मजकुराला तो अगदी चपखल बसत होता, म्हणून मीही हरकत घेतली नाही. ऑपरेटरने विचारलं, ‘‘सर, पान सोडू?’’ मी म्हटलं, ‘‘सोड.’’

जिना उतरताना सुचलं. ‘लहरी’च्या जागी ‘हट्टी’ सहज बसला असता.